ड्रिलमध्ये नातेवाईक कोण झालं होतं?

आज आमच्या स्टेशनवर मॉक ड्रिल होतं, म्हणजे मोठ्या दुर्घटनेची रंगीत तालीम. फलाटावर कॉलेजची पोरं आडवी पडलेली, कपाळाला लाल रंग फासलेला, मनगटाला कोण किती गंभीर ते सांगणाऱ्या लाल, पिवळ्या, हिरव्या पट्ट्या. स्ट्रेचर आधीच उघडून ठेवलेली. अ‍ॅम्ब्युलन्स बाहेर रांगेत, तोंडं रस्त्याकडे करून सज्ज. शिट्टी वाजली, उचललं, नेलं, साहेबांनी घड्याळ बघितलं, टाळ्या. मग फोटो आणि चहा. काळी पट्टीवाला, म्हणजे मेलेला मुलगा, पडल्या पडल्या रील्स बघत होता.

तेव्हापासून डोकं फिरलंय. एवढ्या सगळ्या नाटकात नातेवाईक कोणीच नव्हतं हो!

११ जुलै २००६. मुंबईच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट, सगळे पश्चिम रेल्वेवर, सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत. माझा दादा चर्चगेटहून घरी यायला निघालेला. फोन कुणाचेच लागत नव्हते. स्फोट माटुंगा रोडपासून पार मीरा रोडच्या पुढपर्यंत, म्हणजे माणूस सायनला असेल, केईएमला असेल, भाभा, कूपर, भगवती, कुठेही. मी आणि वहिनीचा भाऊ रात्रभर हॉस्पिटलं पालथी घालत होतो. जिथे जावं तिथे गेटवर झुंबड, भिंतीवर हाताने लिहिलेली यादी, आणि या हॉस्पिटलला त्या हॉस्पिटलात कोण आहे याची गंधवार्ता नाही.

दादा जिवंत होता. ज्या यादीत त्याचं नाव नाही म्हणून आम्ही पुढे गेलो, त्याच हॉस्पिटलात होता. ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे ३५.’ स्फोटाने दोन्ही कानांचे पडदे फाटलेले. नाव काय, नाव काय, म्हणून विचारत राहिले आणि तो नुसता तोंडाकडे बघत राहिला. शुद्धीवर असलेला माणूस अनोळखी! (हॉस्पिटल कुठलं ते सांगणार नाही, इनबॉक्समध्येही विचारू नका.)

डॉक्टर मंडळी आता म्हणतील, ताई, आम्ही जीव वाचवायचे की नावं लिहीत बसायचं? बरोबर आहे. मान्य. अशा वेळी आरडाओरडा करणारा आधी बघायचा नसतो, त्याचा निदान श्वास चालू असतो. गप्प पडलाय त्याच्याकडे आधी धावायचं. शिवाय किरकोळ जखमी स्वतःच टॅक्सी-रिक्षाने जवळच्या हॉस्पिटलात पोचतात, कॅज्युअल्टी भरून टाकतात, आणि खरे गंभीर मागून येतात. घाटकोपरला १३ मे २०२४ ला होर्डिंग कोसळलं तेव्हाही बहुतेक जखमी जवळच्या राजावाडीतच नेले. म्हणून कुठली गाडी कुठे वळवायची हे एकाच माणसाने ठरवायला हवं. पण मग कुठल्या गाडीतून कोण गेलं, हेही त्याच माणसाच्या टेबलावर नको का? ज्याने गाडी पाठवली त्याच्याकडेच तर ते असणार. एक ओळ लिहायला किती वेळ लागतो? बाई की पुरुष, वय, शर्टाचा रंग, कुठे नेलं. नाव नसेना का.

आणि हे नसतं म्हणून काय होतं? प्रत्येक जखमीमागे चार-पाच माणसं प्रत्येक हॉस्पिटलात धडकतात. ज्या गेटमधून स्ट्रेचर जायचं त्याच गेटवर आम्ही उभे. आम्हाला ढकलून बाहेर काढायला पोलीस, आणि तेवढ्यात मंत्र्यांचा ताफा. तिथे मात्र लगेच वाट मोकळी होते! त्या रात्री आम्ही गेटबाहेर भिजत होतो आणि कॅमेरेवाले आत होते. दादा तेव्हा आतच होता. वीस वर्षं होत आली, अजून संताप येतो.

एल्फिन्स्टनच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ ला चेंगराचेंगरी झाली, २३ माणसं गेली. केईएममध्ये मृतांच्या कपाळावर नंबर घातले म्हणून केवढा गदारोळ! कपाळावर नको होते, हे ठीक. पण नंबर आणि फोटो लावण्यामागचा विचार चुकीचा नव्हता. एकेका मृतदेहावरची चादर उचलून बघायची पाळी नातेवाइकांवर येऊ नये, एवढंच त्यात होतं. मी शवागाराच्या दारापर्यंत जाऊन आले आहे. मला तो नंबर चालला असता.

१०८ नंबरची अ‍ॅम्ब्युलन्स आली, २०१४ पासून धावते आहे, गाडीत डॉक्टर असतो, हेही मान्य. चांगलंच झालं.

दादा आम्हाला कसा सापडला ते सांगायचं राहिलं. पहाटेच्या सुमाराला वॉर्डात एक सिस्टर आली, वयस्कर, पायात रबरी चपला. तिने केसपेपर उलटा केला, मागे ‘नाव?’ लिहिलं आणि पेन त्याच्या हातात दिलं. त्याने नाव लिहिलं, खाली घरचा नंबर लिहिला. तिने तिच्या पदरच्या पैशाने पीसीओवरून फोन केला. वहिनीने उचलला तेव्हा सिस्टर म्हणाली, “रडू नका, आधी त्यांचे चष्मे-औषधं काय आहेत ते सांगा.” मी नंतर पेढे घेऊन गेले तर तिची पाळी बदललेली. आता हे टाइप करतानाही गळा दाटून येतोय, जाऊ दे.

तर ड्रिल भरवणाऱ्या साहेबांनो, पुढच्या वेळी घाबरलेले, भांडणारे, एकाच माणसाला पाच हॉस्पिटलांत शोधणारे पन्नास नातेवाईक पण उभे करा. आणि बघा मग घड्याळ.

खाली कोणी ‘मुंबई स्पिरिट’ लिहिलं तर कमेंट उडवणार आहे, आधीच सांगते.