निरंक

अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या भाच्याला मागच्या महिन्यात मुलगा झाला आणि नावासाठी घरातल्या सर्वांकडून सूचना मागवण्यात आल्या. शशांक आणि मयंक ही नावे आता जुनी झाली, असे म्हणून त्याने स्वतःच एक नाव शोधून काढले आणि मला फोनवर विचारले, “मामा, निरंक कसं वाटतं? निष्कलंकसारखंच काहीतरी असणार ना?” एकतीस वर्षे पंचायत समितीत कारकुनी केलेल्या माणसाला हा प्रश्न विचारू नये. मी इतका वेळ हसत होतो की पलीकडून तीनदा “हॅलो” आले.

ज्यांचा सरकारी कागदांशी संबंध आला नाही, त्यांच्यासाठी सांगतो. वरिष्ठ कार्यालयाकडून विहित नमुन्यात माहिती मागवली जाते आणि त्यातला कोणताही रकाना कोरा सोडता येत नाही, कारण कोरा रकाना म्हणजे कारकून विसरला. सांगण्यासारखे काही नसेल तर तिथे ‘निरंक’ लिहायचे. परिपत्रकाच्या शेवटी ठरलेले वाक्य असायचे, “माहिती निरंक असल्यास तसा निरंक अहवाल सादर करावा.” आमच्या तालुक्यात तुतीचे एक झाड नव्हते, तरी रेशीम उद्योगाचा निरंक अहवाल दरमहा पाच तारखेच्या आत जात असे. एकदा तो आठ तारखेला गेला, तेव्हा काहीही घडलेले नाही हे वेळेत न कळवल्याबद्दल मला ‘कारणे दाखवा’ नोटीस निघाली होती.

भाच्याला अर्थ सांगून मोकळे व्हायला हवे होते, पण निवृत्त माणसाजवळ वेळ असतो. मी कागद घेतला आणि शब्दकोशातल्या नोंदीसारखी नोंद लिहायला बसलो. ‘अंक’ या शब्दाचे अर्थ मोजायला लागलो तर एका हाताची बोटे संपली: आकडा, डाग किंवा खूण, नाटकाचा भाग, मासिकाची प्रत आणि मांडी. शशांक म्हणजे सशाची खूण अंगावर असलेला चंद्र, आणि जुन्या मराठीत मूल आईच्या अंकावर बसते. त्यामुळे निरंक या एकाच शब्दाच्या कितीतरी व्याख्या करता येतात. निरंक म्हणजे पडदा न उघडताच संपलेले नाटक. निरंक म्हणजे जाहिराती न मिळाल्यामुळे दिवाळीत अंक न काढताच बसून राहिलेला प्रकाशक. निरंक म्हणजे ज्याला कुणी मांडीवर घेत नाही असे मूल. ही शेवटची व्याख्या लिहिताना मला गंमतच वाटली होती.

मग मुख्य अर्थाकडे, म्हणजे आकड्याकडे आलो, आणि इतकी वर्षे हात लागूनही लक्षात न आलेली गोष्ट लक्षात आली. आम्ही सगळे निरंक म्हणजे शून्य असे धरून चाललो होतो. पण शून्य हाही अंकच आहे. गोठ्यात जाऊन पाहिले, गाय नव्हती, म्हणून शून्य लिहिले. यात कुणीतरी गोठ्यापर्यंत गेलेले असते. निरंक लिहिण्यासाठी खुर्चीवरून उठावे लागत नाही. म्हणून माझ्या कोशातली पक्की व्याख्या अशी झाली: “निरंक (वि.): जे मोजायला गेल्यास उत्तर येण्याचा धोका असतो असे.”

ही व्याख्या फोनवर वाचून दाखवली तेव्हा भाचा मनसोक्त हसला. पण नुसत्या अर्थाने नोंद पुरी होत नाही. आपले दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ पाहिला तर शब्दापुढे अर्थ असतो आणि जागोजागी तो शब्द कुणी कसा वापरला त्याचे अवतरणही असते. माझ्याही नोंदीला वापराचे वाक्य हवे होते. ते शोधायला लागलो आणि तिथून पुढे हसू कमी होत गेले.

पहिला वापर मला संसदेच्या कामकाजात सापडला. जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत प्रश्न आला, की हाताने मैला साफ करताना गेल्या पाच वर्षांत किती माणसे दगावली. सरकारचे उत्तर होते, की अशा एकाही मृत्यूची नोंद नाही. गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये उतरून माणसे गुदमरून मेल्याच्या बातम्या त्या पाच वर्षांत सर्वांनी वाचलेल्या होत्या, आणि गटार-टाक्यांतले मृत्यू म्हणून त्यांची वेगळी सरकारी आकडेवारीही उपलब्ध होती. तरीसुद्धा हे उत्तर खोटे म्हणता येत नाही, आणि मला अस्वस्थ करणारी गोष्ट नेमकी हीच आहे. २०१३ च्या कायद्यात मैला साफ करणाऱ्या व्यक्तीची व्याख्या आहे, आणि तिला जोडलेल्या स्पष्टीकरणानुसार ठरवून दिलेली साधने आणि संरक्षक साहित्य वापरून काम करणारा माणूस त्या व्याख्येत बसत नाही. गटारात उतरणे हे ‘धोकादायक सफाई’ या निराळ्या नावाखाली येते. म्हणजे मृत्यू एका रकान्यात घडला आणि प्रश्न शेजारच्या रकान्याबद्दल होता. मी स्वतः कारकून असल्यामुळे या उत्तरातले कसब मला चांगले कळते.

त्याच महिन्यात, त्याच सभागृहात आणखी एक उत्तर आले: ऑक्सिजनच्या तुटवड्यामुळे मृत्यू झाल्याची स्वतंत्र नोंद राज्यांनी कळवलेली नाही. त्याआधी तीनच महिन्यांपूर्वी, २१ एप्रिल २०२१ रोजी, नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला होता आणि त्या दिवशी बावीस रुग्ण दगावले होते. पण ती गळती होती. नमुन्यातला शब्द तुटवडा होता.

मेळघाटाबद्दल तर वेगळे लिहावे लागेल. धारणी आणि चिखलदरा या तालुक्यांतल्या बालमृत्यूंवर उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे सुनावण्या झाल्या आहेत, आणि कुपोषणाने मेलेले मूल कागदावर सापडणे फार कठीण असते. कागदावर न्यूमोनिया असतो, हगवण असते, जन्मतः कमी वजन असते. पोटात अन्न नसल्याने साधा न्यूमोनिया त्या मुलाला पेलला नाही, हे लिहायला रकाना नसतो. डॉ. अभय बंग आणि त्यांच्याबरोबरच्या संस्थांनी २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला, तेव्हा त्यांनी केले ते इतकेच, की गावोगाव प्रत्यक्ष मोजले, आणि सरकारी नोंदीपेक्षा कितीतरी जास्त बालमृत्यू हाती आले. ‘अंक’ म्हणजे मांडी, या अर्थावर मी जो विनोद केला होता, तो इथे मला खोडावासा वाटला. खोडला नाही, तसाच ठेवला आहे.

कुणी म्हणेल, यात शब्दाचा काय दोष? दोष नाही, हे मला मान्य आहे. तुतीच्या झाडांबाबत तो शब्द अगदी प्रामाणिक होता. पण ज्या शब्दाने तुतीची झाडे नाहीत हे कळवायचे, त्याच शब्दाने माणसे मेली नाहीत हेही कळवता येते, आणि लिहिणाऱ्याच्या हाताला दोन्हीत काही फरक जाणवत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, एका मे महिन्यात, आमच्या हद्दीतल्या एका वाडीवर एक बाई पाणी शेंदायला विहिरीत उतरली आणि परत वर आली नाही. विहीर तळाला गेलेली होती, दोराने पाणी येत नव्हते, म्हणून बायका पायठाणांवरून आत उतरून वाटीने हंडा भरत असत. पंचनाम्यात ‘पाय घसरून पडल्याने आकस्मिक मृत्यू’ अशी नोंद झाली आणि ती खरीच होती. दोन दिवसांनी टंचाईचा पाक्षिक अहवाल करायचा होता. त्यात टँकरच्या खेपा, अधिग्रहित विहिरी, विंधन विहिरींची दुरुस्ती असे रकाने होते, आणि अकराव्या रकान्याचे शीर्षक होते ‘टंचाईमुळे झालेली जीवितहानी’. मी साहेबांना विचारायला गेलो. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारले, “पंचनाम्यात टंचाई लिहिलं आहे का?” मी म्हणालो, “नाही, साहेब.” ते पुढे काही बोलले नाहीत आणि मीही उभा राहिलो नाही.

भाच्याने मुलाचे नाव आता ईशान ठेवले आहे. माझी नोंद मात्र वापराच्या वाक्यासाठी अडून राहिली होती, म्हणून शेवटी संसद आणि न्यायालय दोन्ही बाजूला ठेवून ती मी अशी पुरी केली: “निरंक (वि.): जे मोजायला गेल्यास उत्तर येण्याचा धोका असतो असे. उदा., ‘रकाना ११: निरंक.’” माझे अक्षर चांगले असल्यामुळे तो अहवाल पुढे इतर तालुक्यांना नमुना म्हणून दाखवण्यात आला होता.