विमानांचं वेड असलेल्या मुलांसाठी, आणि त्यांच्या आईबाबांसाठी

"काका, मला एरोस्पेस इंजिनिअर व्हायचंय, आतापासून काय करू?" दर काही महिन्यांनी कुणीतरी शाळकरी मूल मला हे विचारतं. पाठोपाठ आईबाबा विचारतात, कुठला कोर्स लावू, कुठलं किट आणू? मी हेच शिकलो, याच क्षेत्रात काम करतो, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

किट नंतर आणा. आधी गणित, आणि गणिताइतकीच मोजून लिहून ठेवायची सवय.

गणित म्हणजे मार्क नव्हेत. लॉगॅरिदमचंच घ्या. बहुतेक मुलं तो धडा परीक्षेपुरता उरकतात. पण त्सिओलकोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने १९०३ साली प्रसिद्ध केलेलं रॉकेटचं समीकरण त्याच लॉगॅरिदमवर उभं आहे. समजा, इंजिनातून वायू सेकंदाला ३ किलोमीटर वेगाने बाहेर पडतोय आणि कक्षेत पोचायला, वाटेतली घट धरून, सेकंदाला साधारण ९ किलोमीटरचा वेग कमवायचाय. म्हणजे तिप्पट. मग सुटतानाचं वजन इंधन संपल्यावरच्या वजनाच्या किती पट हवं? ई चा (म्हणजे नैसर्गिक लॉगॅरिदमचा पाया, सुमारे २.७१८) घन, सुमारे २० पट. २० टनांतलं १९ टन नुसतं इंधन! उरलेल्या १ टनात टाक्या, इंजिन, सांगाडा, आणि जागा उरली तर उपग्रह. रिकाम्या झालेल्या टाक्या वाटेतच का सोडून देतात, हे ज्या मुलीने वहीवर स्वतः सोडवून पाहिलं, तिला ते परत समजावून सांगावं लागत नाही.

त्रिकोणमिती, व्हेक्टर, कॅल्क्युलस यांचंही तसंच. पाया इथे कच्चा राहिला तर कॉलेजात फार जड जातं. मला गेलं. रॉकेटांची नावं, इंजिनांचे आकडे सगळं पाठ होतं, पण एखाद्या वस्तूवर कुठली बलं कुठल्या दिशेने लागतात याची साधी आकृती धड काढता येत नव्हती. पहिलं वर्ष ते भरून काढण्यातच गेलं.

भौतिकशास्त्रात एक गोष्ट जरूर तपासा. पंखावरून जाणारी हवा आणि खालून जाणारी हवा मागच्या कडेला एकाच वेळी पोचते, म्हणून वरची वेगाने धावते, असं अजूनही सर्रास शिकवलं जातं. ते चूक आहे. वरची हवा खालच्या हवेच्या आधीच पोचते. पंख हवेला खाली वळवतो आणि हवा पंखाला वर ढकलते, इथून विचार सुरू करा. पुस्तकात छापलंय म्हणून न मानणं हा या विषयाचा गाभाच आहे.

राइट बंधूंनी हेच केलं. १९०१ सालच्या त्यांच्या ग्लायडरला हिशोबापेक्षा फारच कमी लिफ्ट, म्हणजे वर उचलणारं बल, मिळालं. त्यांनी छापील आकड्यांवरच शंका घेतली, स्वतःचा छोटा विंड टनेल (हवेचा झोत सोडून नमुने तपासायचा बोगदा) बांधला आणि पंखांचे २०० च्या आसपास नमुने तपासले. लिफ्टच्या हिशोबात वर्षानुवर्षं सगळे वापरत असलेला हवेच्या दाबाचा गुणांक ०.००५ नसून ०.००३३ च्या जवळ आहे, असं त्यांना आढळलं. १७ डिसेंबर १९०३ चं त्यांचं इंजिनाच्या विमानाचं पहिलं उड्डाण, १२ सेकंदं, १२० फूट, या मोजमापांवरच झालं.

तेव्हा मुलांनो, कागदाचा किंवा थर्माकोलचा ग्लायडर करा. नाकाशी चिकणमातीची गोळी लावा. तो वर नाक करून मग खाली कोसळतोय? गोळी थोडी वाढवा. सरळ जमिनीत घुसतोय? कमी करा. पण एका वेळी एकच बदल, प्रत्येक बदलाला दहा उड्डाणं, प्रत्येक अंतराची नोंद, आणि आकड्यापुढे एकक लिहिलंच पाहिजे. नासाचा मंगळाकडे पाठवलेला मार्स क्लायमेट ऑर्बिटर १९९९ साली गमावला गेला, तो एका बाजूचे आकडे पाउंडात आणि दुसऱ्या बाजूला ते न्यूटन धरल्यामुळे.

प्रोग्रॅमिंग शिका, एखादी भाषा पुरे. मॉडेल रॉकेटचं उड्डाण संगणकावर तपासायचं ओपनरॉकेट हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात खेळा, पण आधी उत्तर कागदावर काढून मग.

पालकांनो, ग्लायडर वाकडा गेला तर लगेच दुरुस्त करून देऊ नका. "काय बदललंस?" एवढंच विचारा आणि थांबा. तुमच्या घरी अशी नोंदवही भरत असेल तर मला जरूर दाखवा. फसलेल्या उड्डाणांची पानं मी आधी वाचेन.