जास्तीचं पोटॅशियम लघवीतून जातं म्हणे! कोणाच्या?

तळजाईवर फिरायला येणाऱ्या आमच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात म्हणजे पोटॅशियम कमी. रोज दोन शहाळी प्या, मीठ बदलून कमी सोडियमचं आणा, पोटॅशियमची गोळी सुरू करा. नैसर्गिकच आहे, जास्त झालं तर लघवीवाटे निघून जातं. खाली अंगठ्यांची रांग. मी लॅबमध्ये रक्त काढणारा माणूस, मला राहवलं नाही.

आधी गोळे. उतारवयात गोळे का येतात याचं कारण बऱ्याचदा सापडतच नाही. पोटॅशियम खरोखर उतरतं ते जुलाब-उलट्यांनी किंवा लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनी. त्यात मॅग्नेशियमही कमी असेल, तर नुसतं पोटॅशियम देऊन आकडा वर येत नाही. हे पोटरीवरून ओळखता येत नाही, रक्तावरूनच कळतं. साधारण ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर हे ठीक. (रक्त देताना मूठ उघडझाप करू नका, हे मी रोज सांगतो. आकडा खोटाच वाढतो.)

शहाळ्याशी माझं भांडण नाही. मूत्रपिंडं धड असतील तर प्या की. केळी, बटाटा, पालक, डाळी यांतूनही पोटॅशियम मिळतंच. मोठ्या माणसानं दिवसाला किमान ३५१० मिलिग्रॅम घ्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

खरी गोम लघवीवाटे निघून जाण्यात आहे. काढून टाकायचं काम मूत्रपिंडांचं. ती मंदावली असतील तर पोटॅशियम साठतं. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन ही औषधंही ते अंगात धरून ठेवतात, आणि बीपीच्या गोळ्या हा आमच्या ग्रुपचा रोजचा नाश्ता. वर मीठ बदललं की काय होतं बघा. त्या मिठात सोडियम क्लोराइडच्या काही भागाऐवजी पोटॅशियम क्लोराइड असतं. ते चौथा हिस्सा धरलं, तर दिवसाच्या ५ ग्रॅम मिठातून साडेसहाशे मिलिग्रॅम पोटॅशियम जादा जातं, दीड केळ्याएवढं. निरोगी माणसाला ते पचतं, बीपीलाही बरं. पण २०२५ च्या जानेवारीत याच संघटनेनं अशा मिठाची शिफारस केली, तेव्हा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना त्यातून वगळलं. पोटॅशियम वाढलं तरी अनेकदा काहीच जाणवत नाही, आणि थेट हृदयाचे ठोके बिघडतात. गोळी डॉक्टरांना न विचारता घेऊ नये ती यासाठी.

ग्रुपवर मी फक्त विचारलं, बीपीची गोळी कुठली ते पाकिटावर बघून सांगा. तिघांनी टेल्मिसार्टन लिहिलं. त्यातल्या एका काकांकडे नवं मीठ आलंही होतं. काका, डॉक्टरांना फोन करा, तोवर जुनंच मीठ, तेही बेतानं. पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कशी चालतात ते यावरून कळतं) दोन्ही तपासून घ्या. उपाशी यायची गरज नाही.