विहीणबाई आणि भाजलेली सुशी

मुलीच्या सासरी रिकाम्या हाताने जायचं नसतं आणि काय न्यायचं हे आम्हा मालवणच्या बायकांना उपजत कळतं: खाजं, काजू, आगळाची बाटली. पण माझ्या विहीणबाई फिलिपिनो, राहतात सॅन फ्रान्सिस्कोला लागून असलेल्या डेली सिटीत. प्रसंग नोचे बुएनाचा. चोवीस डिसेंबरच्या रात्री मिस्सा आटोपून अख्खं खानदान जेवायला बसतं, तो. लेकीने परस्पर माझ्या नावावर भाजलेली सुशी लिहून टाकली. सुशी म्हणजे जपान्यांची भात-माशाची गुंडाळी.

"आई, गुंडाळायची भानगडच नाही. ट्रेमध्ये थापायची नि ओव्हनमध्ये सारायची."

२०२० च्या टाळेबंदीत फिलिपिन्समध्ये घरोघरी हे ट्रे करून विकत होते म्हणे. म्हटलं, थापायचंच तर आहे.

पहिली ठेच भाताला लागली. शीत न् शीत सुटं हवं, म्हणून सासूबाईंनी मला किती वर्षं घोळसली असेल! इथे जावई नम्रपणे सांगतो, "भात चिकटलाच पाहिजे." आखूड दाण्याच्या त्या गचक्या भातात व्हिनेगर, साखर, मीठ घालून मी वर वारा घालत बसले. सासूबाईंचा फोटो मालवणातच राहिला होता, ते बरं.

मग खेकडा. पाकिटातून लाल-पांढऱ्या कांड्या निघाल्या. चष्मा लावून लेबल वाचलं, तर पोलॉक नावाचा मासा! तो वाटून, त्यात स्टार्च घालून, रंग लावून, खेकड्याचा वास दिलेला. कुर्ल्यांचे डेंगे दाढेखाली फोडून वाढलेली मी, त्या कांड्यांचे धागे सोडवत बसले. त्यात मेयोनीज, क्रीम चीज, श्रीराचा नावाचा तिखट सॉस. मसाल्याचा डबा मी नुसता उघडला, तर लेक तिकडून ओरडली, "आई, नको!" भातावर भुरभुरायचं फुरिकाके तेवढं ओळखीचं वाटलं, तीळ, समुद्री शेवाळ नि सुक्या माशाचा चुरा, म्हणजे आपली सुकटीची चटणीच सूटबूट घालून आलेली.

खरी परीक्षा विहिणीकडे. ट्रे गरम करायला ओव्हन हवा आणि ओव्हनमध्ये हॅम ठाण मांडून. मुलीकडच्यांनी थांबायचं असतं, हे मला कुणी शिकवायला नको. मी ट्रे धरून भिंतीला टेकले. टेबलावर लाल मेणातलं चीज, सॉसेज घातलेली चक्क गोड स्पॅगेटी. शेवटी विहीणबाईंनीच हॅम बाहेर काढला आणि माझा ट्रे आत सारला. त्या क्षणी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

नोरीच्या, म्हणजे समुद्री शेवाळाच्या कागदासारख्या पापडीच्या, चौकोनी तुकड्यावर चमचाभर घ्यायचं आणि ती मऊ पडायच्या आत तोंडात टाकायचं. ट्रेभोवती झुंबड उडाली. व्याह्यांच्या म्हाताऱ्या आईने तर खुर्चीच ट्रेजवळ ओढून घेतली.

आमचे हे मात्र बोटाने वरचा थर उकरत मोठ्याने म्हणाले, "गो, ह्याच्यात कुर्ली खंय आसा?"

"काय म्हणतायत?" विहीणबाईंनी काळजीने विचारलं.

"आणखी हवंय म्हणतायत," मी म्हटलं.

विहीणबाईंनी ह्यांची ताटली भरली आणि खूश होऊन वर गोड स्पॅगेटीही वाढली.