स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन देत नाही, आणि अंधारही त्याला मानवत नाही

‘नासाने सिद्ध केलेले झाड! स्नेक प्लांट रात्रभर ऑक्सिजन सोडते. उशाशी सहा-आठ कुंड्या ठेवा, बंद खोलीतही गुदमरणार नाही. हवेतले विष शोषते. ऊन नको, खिडकी नको. एक दिवसाआड घोटभर पाणी पुरे. एका पानाची दहा रोपे करा आणि वाटा.’

हा मजकूर वर्षातून दोनदा तरी माझ्या फोनवर येतोच. घरात या झाडाच्या अकरा कुंड्या आहेत, तेव्हा माझे त्याच्याशी वैर नाही. भांडण आहे ते या मजकुराशी, कारण तो तंतोतंत पाळला तर झाड मरते.

रात्रीच्या ऑक्सिजनची अफवा इतकी चिवट आहे, कारण तिच्या बुडाशी एक खरी गोष्ट आहे. बहुतेक झाडे पानांवरची रंध्रे दिवसा उघडतात. कोरड्यात जगणाऱ्या मांसल पानांच्या झाडांना ते परवडत नाही. भर उन्हात रंध्रे उघडली तर साठवलेले पाणी उडून जाईल. म्हणून स्नेक प्लांट रात्री रंध्रे उघडते, कार्बन डायऑक्साइड आत घेते आणि मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींत साठवून ठेवते. उजाडले की रंध्रे बंद, आणि त्या साठ्यातून साखर बनवणे सुरू. याला वनस्पतिशास्त्रात ‘कॅम’ पद्धत म्हणतात. कुणीतरी ‘रात्री कार्बन डायऑक्साइड घेते’ एवढे वाचले आणि ‘म्हणजे ऑक्सिजन सोडते’ हे पदरचे जोडले. पण ऑक्सिजन येतो पाण्याचे रेणू फुटून, आणि ते फोडायला प्रकाश लागतो. दिवसाचा अडकून राहिलेला थोडाफार वायू रात्री बाहेर पडू शकतो. तयार मात्र काही होत नाही. उलट अंधारात झाडही आपल्यासारखाच ऑक्सिजन वापरते. (म्हणून घाबरून कुंडी बाहेर काढू नका. शेजारी झोपलेला माणूस त्याच्या कितीतरी पट वापरतो.)

आता ‘सहा-आठ कुंड्या’. इथे साधा हिशेब पुरतो. झोपलेल्या माणसाला आठ तासांत साधारण 100 लिटर ऑक्सिजन लागतो, म्हणजे वजनाने सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. झाड जेवढ्या वजनाचा ऑक्सिजन सोडते, जवळपास तेवढ्याच वजनाची साखर त्याच्या अंगी लागते. म्हणजे तुमची एक रात्र भागवायची तर त्या कुंड्यांनी मिळून रोज सव्वाशे ग्रॅम सुका ऐवज तयार करायला हवा. पाने बहुतांशी पाण्याची, तेव्हा ही झाली रोजची किलोभर नवी पाने! माझ्या अकरा कुंड्यांत महिन्याकाठी एखादा कोंब डोके वर काढतो. आणि मुळात गुदमरायचा प्रश्नच कुठे आहे? 10 बाय 12 फुटांच्या, 10 फूट उंच खोलीत सुमारे 7,000 लिटर ऑक्सिजन असतोच. शिवाय दाराखालच्या फटीतून हवा येत-जात राहते ती वेगळीच.

नासाचे नाव मात्र हवेतून आलेले नाही. 1989च्या त्या अभ्यासात हे झाड होते. विषय होता बेंझिन, फॉर्मल्डिहाइड आणि ट्रायक्लोरोइथिलीन या विषारी वायूंचा, आणि प्रयोग झाले ते हवाबंद पेट्यांत. कोंडलेल्या हवेतले वायू तिथे कमी झाले, आणि त्यात मुळांजवळच्या मातीतल्या सूक्ष्मजीवांचाही वाटा होता. घर म्हणजे पेटी नव्हे. असे अनेक प्रयोग तपासून 2019मध्ये दोन संशोधकांनी गणित मांडले: इमारतीत एरवी जी हवा खेळते, तिच्याइतकी सफाई झाडांकडून हवी असेल तर दर चौरस मीटरला 10 ते 1,000 झाडे लागतील. मग माणसाने बसायचे कुठे? खिडकी उघडा.

‘ऊन नको, खिडकी नको’ हे निम्मे खरे. मंद उजेडात ते महिनोन्महिने तग धरते, आणि आपण त्यालाच ‘छान वाढतंय’ म्हणतो. खिडकीजवळ आणा, फरक दिसेल. फक्त अंधाऱ्या कोपऱ्यातून उचलून थेट रणरणत्या उन्हात ठेवू नका, पाने करपतात.

सर्वात घातक ओळ पाण्याची. जाड पाने आणि मातीखालचे आडवे खोड हीच त्याची टाकी आहे. माझे पहिले झाड मी लाडाने मारले. पाने बुडाशी पिवळी, मऊ पडू लागली तशी मला वाटले तहानलेय, म्हणून आणखी पाणी घातले. उपटून पाहिले तर खाली नुसता वास मारणारा लगदा. आता दोन इंच बोट खुपसतो, माती खडखडीत असेल तरच पाणी, तेही तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. दोन-तीन आठवडे मध्ये सहज जातात, थंडीत त्याहून जास्त. मातीत निम्मी तरी जाडी वाळू किंवा परलाइट (कुंडीच्या मातीत मिसळायचे हलके पांढरे खडे) असू द्या.

मजकुरात नसलेली एक गोष्ट: पानांत सॅपोनिन नावाचे विषारी द्रव्य असते. कुत्र्या-मांजरांनी ती चघळली तर उलट्या-जुलाब होतात. पाळीव प्राणी असतील तर कुंडी उंचावर.

राहिले एका पानाची दहा रोपे. होतात, पण तुकड्याचा जमिनीकडचा भाग खालीच राहायला हवा. उलटा खोचलात तर मुळे फुटत नाहीत. कापतानाच खूण करून ठेवा. आणि पिवळ्या काठाचे झाड असेल तर पानाच्या तुकड्यापासून येणारी पिल्ले साधी हिरवी निघतात. काठ हवा असेल तर कुंडी उलटी करून मुळासकट कोंब वेगळा करावा लागतो. हे ठाऊक नव्हते तेव्हा मी सहा जणांना ‘पिवळ्या काठाचे’ म्हणून हिरवी रोपे वाटली. त्यातल्या दोघी अजून विचारतात, काठ कधी येणार?