एलएफटी नॉर्मल म्हणून गॅस? काहीही!

फॉरवर्ड असा: उजव्या बरगडीखाली दुखतंय, सोनोग्राफीत खडे नाहीत, एलएफटी (यकृताची रक्ततपासणी) नॉर्मल, म्हणजे गॅसच. ओवा-एरंडेल घ्या, सीटीवाल्यांच्या नादी लागू नका, ओटीपोटाचं इन्फेक्शन यकृतापर्यंत जातच नाही. फिरत फिरत हे काल भाचीच्या मोबाइलवर आलं, म्हणून आता लिहिणं भाग आहे.

जातच नाही? कर्टिस या डॉक्टरने १९३० मध्ये यकृत आणि पोटाची भिंत यांच्यामध्ये व्हायोलिनच्या तारांसारखे ताणलेले चिकट पट्टे नोंदवले, १९३४ मध्ये फिट्झ-ह्यूने त्यांचा गोनोरियाशी संबंध दाखवला. दोघांच्या नावाने आजार पुस्तकात आहे: फिट्झ-ह्यू-कर्टिस सिंड्रोम. क्लॅमिडिया किंवा गोनोरियाचे जंतू गर्भनलिकेतून पोटाच्या पोकळीत उतरतात आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या कडेने वर चढतात. सुजतं ते यकृताचं आवरण, आतलं यकृत बहुतेक शाबूत. मग एलएफटीतलं एसजीपीटी वाढेल कशाला? ज्या रिपोर्टवर हे महाशय गॅस ठरवतात, तोच रिपोर्ट या आजारात अपेक्षित असतो! कळ मात्र खोल श्वासाला, खोकल्याला, कूस बदलताना वाढते, कधी उजव्या खांद्यात जाते. सोनोग्राफी खडे नाहीत एवढं सांगते; पातळ आवरणाची सूज तिला सहसा दिसत नाही.

फॉरवर्ड पुढे म्हणतो, ‘सीटीतही काही सापडत नाही.’ चुकीचा काढला तर नाहीच सापडणार. शिरेत डाय सोडल्यावर साधारण ३५ सेकंदांनी, आर्टेरियल फेजमध्ये (डाय रोहिण्यांत असतानाच्या टप्प्यात), यकृताच्या पुढच्या कडेला पातळ पांढरी रेघ उठते. ७० सेकंदांच्या पोर्टल फेजपर्यंत (डाय यकृताच्या शिरेत पोचल्यावर) यकृतच उजळतं आणि रेघ त्यात विरते. पोटदुखीसाठी बऱ्याचदा एवढी एकच फेज घेतात. म्हणून चिठ्ठीवर नुसतं ‘पोटदुखी’ नको, ‘पीआयडीची शंका’ (पीआयडी म्हणजे गर्भाशय-नलिकांचं इन्फेक्शन) लिहून घ्या आणि स्कॅन ओटीपोटापर्यंत हवा: जाड झालेल्या नलिका, पू, धुरकट चरबी तिथेच दिसते. नुसत्या रेघेवर निदान ठरत नाही. पित्ताशयाची सूज किंवा पोटातला टीबीही ती दाखवू शकतो.

‘एक सीटी म्हणजे ४०० एक्सरे.’ बरं, हे अर्धं खरं. पोट-ओटीपोटाचा सीटी ८ ते १० मिलिसिव्हर्ट (किरणांच्या डोसचं माप), छातीचा एक्सरे ०.०२ ते ०.१. पण निसर्गातूनच वर्षाला सरासरी २.४ मिळतात. फेज वाढली की डोस वाढतो, हेही खरं. त्यामुळे आधी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट, आणि डाय मूत्रपिंडांना झेपेल का हे बघायला क्रिएटिनिन.

आणि प्रत्येकीला सीटी लागतोच असं कुणी म्हणत नाही. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेची २०२१ ची मार्गदर्शिका स्पष्ट आहे: लैंगिक संबंध असलेल्या तरुणीच्या ओटीपोटात दुखतंय, दुसरं कारण सापडत नाही आणि आतून तपासताना गर्भाशय, त्याचं तोंड किंवा बाजूचा भाग दुखतो, तर उपचार सुरू करा. सेफ्ट्रायाक्झोन ५०० मिग्रॅचं एक इंजेक्शन, डॉक्सिसायक्लिन १०० आणि मेट्रोनिडाझोल ५०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, १४ दिवस. (गरोदर असेल तर डॉक्सी नाही.) घरातल्या उरलेल्या तीन गोळ्यांनी हे भागत नाही.

‘लग्न झालेल्या बाईला होत नाही’? जंतू लग्नपत्रिका बघत नाहीत. गेल्या ६० दिवसांतल्या जोडीदाराची तपासणी आणि उपचारही त्याच मार्गदर्शिकेत आहेत, नवऱ्याला त्यातून सूट नाही.