सैतानाचं नाव ल्युसिफर? मूळ ग्रंथ काय सांगतात

एक मजकूर सध्या खूप फिरतोय: "सैतानाचं मूळ नाव ल्युसिफर. बंड केल्यावर त्याने सापाच्या रूपात हव्वेला फसवलं. आता तो नरकाचा राजा आहे, त्याचा आकडा ६६६. ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान तिघेही हेच मानतात."

ल्युसिफरपासून सुरुवात करू. बायबलच्या जुन्या करारातल्या यशयाच्या पुस्तकात, १४:१२ मध्ये (अध्याय १४, वचन १२), आकाशातून पडलेला पहाटतारा येतो, हिब्रूत 'हेलेल बेन शाहर'. पण हे गीत बाबेलच्या राजाविरुद्ध आहे, हे त्याच अध्यायाच्या चौथ्या वचनात लिहिलंय. ख्रिस्ती विद्वान जेरोमने बायबलच्या लॅटिन भाषांतरात पहाटेच्या शुक्राचा रूढ शब्द घातला: लुसिफर. चौथ्या शतकात सार्डिनिया बेटावर या नावाचे बिशपही होते! सैतानाशी हे वचन ख्रिस्ती पंडितांनी नंतर जोडलं.

हव्वेची गोष्ट बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीत आहे. त्याच्या तिसऱ्या अध्यायात सैतान हा शब्दच नाही. साप तिथे वनपशूंत सर्वांत धूर्त, एवढंच. साप आणि सैतान यांना थेट एक करतं ते बायबलचं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण (१२:९).

नरकाचा राजा? मत्तयाच्या शुभवर्तमानात (२५:४१) नरकाचा अग्नी सैतानासाठीच तयार केलेला आहे. तो तिथे शिक्षा भोगणार.

६६६ हा आकडा प्रकटीकरण १३:१८ मध्ये श्वापदाचा, म्हणजे त्या पुस्तकातल्या दृष्टान्तात दिसणाऱ्या दुष्ट पशूचा आहे, सैतानाचा नाही. हिब्रू अक्षरांना अंकमूल्य असतं. 'नेरोन केसर' (म्हणजे रोमन सम्राट नीरो) हिब्रूत लिहून पाहा: नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०, कोफ १००, सामेख ६०, रेश २००. बेरीज ६६६. लॅटिन धाटणीने 'नेरो' लिहिलं की एक नून गळतो आणि उरतात ६१६. काही जुन्या हस्तलिखितांत नेमका हाच आकडा आहे. म्हणून अनेक अभ्यासक इथला रोख सम्राट नीरोवर मानतात.

"तिघेही हेच मानतात" हे तर सर्वांत चुकीचं. आधी ज्यूंचे ग्रंथ. ईयोब या सज्जन माणसाची परीक्षा सांगणाऱ्या पुस्तकाच्या हिब्रू पाठात 'हा-सातान' आहे. 'हा' हे निश्चयदर्शक उपपद, म्हणजे हे विशेषनाम नाही, काम आहे: आरोप ठेवणारा. तो देवाच्या दरबारात येतो आणि परवानगीशिवाय ईयोबाला हात लावू शकत नाही. गणना २२:२२ मध्ये तर परमेश्वराचा दूतच बलाम नावाच्या द्रष्ट्याच्या वाटेत 'सातान' म्हणून, विरोधक म्हणून, उभा राहतो. तालमूद या ज्यू ग्रंथात रेश लाकिश हा धर्मपंडित सैतान, मनातली दुष्प्रवृत्ती आणि मृत्युदूत एकच मानतो.

कुराणातला सैतान म्हणजे इब्लिस, १८:५० नुसार जिन्नांपैकी, म्हणजे आगीपासून बनलेल्या अदृश्य जीवांपैकी. आदमपुढे झुकायला तो नकार देतो: मी आगीचा, हा मातीचा (७:१२). मग कयामतीपर्यंत मुदत मागतो आणि ती त्याला मिळते. पुढे तो आदम आणि त्याची पत्नी दोघांनाही भुलवतो. तिथे साप नाही, आणि दोष एकट्या हव्वेवर नाही.